शाँझेलिझे उतरताना

पॅरिसला जायचं ठरलं की ओळखीतली कोणी ना कोणी बाई हमखास सांगते, ‘‘शाँझेलिझेला जाऊन ये हं, जगातला सगळ्यात सुंदर रस्ता आहे तो.’’ लगेच दुसरी म्हणते, ‘‘जा, पण पर्स घट्ट धर. तिथं नुसतं काचेकडे बघायचेही पैसे पडत असतील!’’ दोघींचंही थोडं थोडं खरं आहे. पर्स घट्ट धरायलाच हवी, पण ती दुकानदारांच्या भीतीनं नव्हे, तर खिसेकापूंच्या. आणि बघण्याचं म्हणाल, तर ते अगदी फुकट असतं. काचेपुढे उभं राहून नुसतं बघण्याला फ्रेंच भाषेत स्वतंत्र शब्दच आहे. ‘लेश-व्हित्रीन’, म्हणजे शब्दशः ‘काच चाटणं’! आपण ‘डोळ्यांनी जेवणं’ म्हणतो ना, त्यातलाच प्रकार.

आधी नावाचं बघू. लिहितात ‘शाँ एलिझे’ आणि बोलताना दोन्ही शब्द एकात मिसळून ‘शाँझेलिझे’ होतं. ग्रीक पुराणात पुण्यवान वीर मेल्यानंतर ज्या हिरव्या कुरणात जातात, त्याचं हे नाव. पूर्वी इथं खरंच शेतं आणि दलदल होती. १६१६ साली मारी द मेदिसी या राणीनं नदीकाठी बग्गीतून फिरायला झाडांचा एक रस्ता करवून घेतला. पुढे १६६७ साली चौदाव्या लुईचा माळी आंद्रे ल नोत्र यानं राजवाड्याच्या बागेपासून सरळ रेषेत झाडांच्या रांगा लावल्या आणि आजच्या रस्त्याची आखणी झाली. माळी म्हटलं तरी साधासुधा नव्हे, व्हर्सायच्या बागाही त्याच्याच. एका राणीची हौस आणि एका माळ्याची दोरी, एवढ्यावर हा रस्ता उभा आहे.

लांबी जेमतेम १.९ किलोमीटर, रुंदी ७० मीटर. म्हणजे आपल्या गावातले चार-पाच रस्ते शेजारी शेजारी ठेवावेत एवढा रुंद. एका टोकाला आर्क द त्रिओंफ ही विजयकमान, दुसऱ्या टोकाला कोंकोर्दचा प्रचंड चौक. कमानीकडून चौकाकडे चांगला उतार आहे, म्हणून माझं ऐका, सुरुवात वरून करा. मेट्रोच्या १ नंबरच्या लाइनवर ‘शार्ल द गोल-एत्वाल’ला उतरा आणि खाली खाली चालत या. सहलीतल्या बसगाड्या पुष्कळदा खाली सोडतात आणि मग साठीतल्या बायका चढ चढून दमतात. त्यातून गुडघे दुखणारी कोणी बरोबर असेल तर हा एवढा विचार नक्की करा. याच लाइनची आणखी चार स्टेशनं या रस्त्याला लागूनच आहेत, तेव्हा पाय बोलायला लागले की कुठंही खाली उतरून गाडीत बसता येतं.

कमानीपाशी फार वेळ घालवू नका असं मी म्हणणार होते, पण तिची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नेपोलियननं ती १८०६ साली बांधायला घेतली. १८१० साली तो जोसेफीनला सोडून नवी राणी करून घेऊन आला, ती ऑस्ट्रियाची मारी-लुईझ. तिच्या स्वागताला कमान हवी, तर बांधकाम नुकतंच जमिनीबाहेर आलेलं. मग काय, लाकडी सांगाडा उभारून त्यावर रंगवलेलं कापड ताणलं आणि हुबेहूब कमान तयार केली! म्हणजे आपल्या मांडववाल्याचंच काम की. दगडी कमान पुरी झाली १८३६ साली, तोवर नेपोलियन जाऊन पंधरा वर्षं झाली होती. खाली अनाम सैनिकाची समाधी आहे, तिथली ज्योत रोज संध्याकाळी साडेसहाला नव्यानं प्रज्वलित करतात. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, १४ जुलैच्या त्यांच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात २००९ साली भारतीय जवान याच रस्त्यावरून चालले, आणि त्यांच्या अग्रभागी होती आपली मराठा लाइट इन्फन्ट्री.

कमानीकडे जायला रस्ता मात्र ओलांडू नका. तिथं बारा रस्ते एकत्र येतात आणि गाड्या गरागरा फिरत असतात. खालून भुयारी वाट आहे, तिनंच जावं.

आता दुकानं. उतरायला लागलं की उजव्या हाताला १०१ नंबरला लुई व्हितों लागतं. बाहेर बऱ्याचदा रांग असते. हातबॅगेसाठी माणसं अशी रांगेत उभी असलेली पाहिली की आपल्याला रेशनचं दुकान आठवतं. पण या दुकानामागची कथा मला त्या बॅगांपेक्षा जास्त आवडते. लुई हा डोंगराळ मुलखातला गरीब पोरगा. १८३५ साली, तेरा-चौदा वर्षांचा असताना, घर सोडून पायी पॅरिसला निघाला. वाटेत मिळेल ते काम करत दोन वर्षांनी पोचला आणि पेट्या बनवणाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. त्या काळी श्रीमंत बायकांचे घेरदार झगे पेटीत नीट घडी घालून भरणं हा एक धंदाच होता. त्यात तो इतका तरबेज झाला, की राणीसाहेबांच्या पेट्या भरायला त्याला बोलावू लागले. १८५४ साली त्यानं स्वतःचं दुकान काढलं. तोवरच्या पेट्यांची झाकणं पाणी ओघळावं म्हणून घुमटासारखी गोल असत, त्यामुळे त्या एकावर एक रचता येत नसत. यानं पाणी न शिरणारं कापड वापरून सपाट झाकणाची पेटी केली. झालं! आगगाड्या आणि आगबोटींच्या काळात तिचा बोलबाला झाला. माळ्यावरची आजीची ट्रंक आठवा, तिचंही झाकण सपाटच असतं.

एक माहितीची गोष्ट. त्यांच्या तपकिरी, नक्षीच्या प्रसिद्ध बॅगा चामड्याच्या नसतात. ते लेप दिलेलं जाड कापड असतं, चामडं फक्त पट्ट्यांना आणि कडांना. ती नक्षी १८९६ साली लुईच्या मुलानं काढली, ती नकला थांबाव्यात म्हणून. नकला काही थांबल्या नाहीत, हे आपल्या बाजारात फिरणारीला सांगायला नको. पण तशी नकली बॅग खांद्याला लावून पॅरिसला अजिबात जाऊ नका. फ्रान्समध्ये नकली माल जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. कस्टमवाले बॅग जप्त करून वर दंड ठोकू शकतात. आपली साधी कापडी पिशवी न्या, ती कोणी विचारत नाही.

‘‘घ्यायचं नाही तर आत कशाला जायचं?’’ हा प्रश्न आमच्या ह्यांनी पहिल्याच दुकानापाशी विचारला आणि ते बाकावर जाऊन बसले. तसे बाकांवर बसलेले नवरे तिथं सगळ्या देशांचे दिसतात. तुम्ही मात्र आत जा. त्याला एक रीत आहे, ती पाळली म्हणजे झालं. दारात शिरताच ‘‘बाँझूर’’ म्हणायचं, आणि निघताना ‘‘मेर्सी, ओ रव्हार’’. फ्रेंच लोक याला फार मानतात. नमस्कार न करता एकदम वस्तूंना हात लावणं म्हणजे त्यांच्या लेखी कोणाच्या घरात चपला घालून शिरण्यासारखं. ‘बाँझूर’ म्हटलंत की विक्रेत्या मुलीचा चेहरा बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं. मग हातानंच खुणावून सांगा की नुसतं बघतेय. कोणी मागे लागत नाही.

रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर ६८ नंबरला गेर्लें हे अत्तरवाल्यांचं दुकान आहे, १९१४ पासूनचं. संगमरवर, आरसे, जिना, आणि मंद वास. इथं ‘शालिमार’ची बाटली बघायला विसरू नका. १९२५ साली बाजारात आलेलं हे अत्तर अजून विकलं जातं, आणि त्याचं नाव लाहोरच्या शालिमार बागेवरून ठेवलेलं आहे. शाहजहान आणि मुमताजची प्रीतकथा त्याला जोडलेली. ज्या काळी आपल्याकडच्या हौशी बायका ‘पॅरिसचं सेंट’ म्हणून मिरवत होत्या, त्या काळी पॅरिसच्या बायका आपल्या मुलखाच्या नावाचं अत्तर कानामागे लावत होत्या, याची मला गंमत वाटली. विक्रेती कागदाच्या पट्टीवर फवारा मारून देते. ती पट्टी मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवली, पुढचे आठ दिवस पासपोर्टला व्हॅनिलाचा वास येत होता.

खाण्याचं म्हणाल तर ७५ नंबरला लादुरे. १८६२ सालच्या एका बेकरीपासून सुरू झालेलं हे घराणं ‘माकारों’साठी प्रसिद्ध आहे. बदामाची पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांच्या दोन नाजूक चकत्या आणि मध्ये गोड सारण. बदाम पाहून शाकाहारी बायका फसतात, म्हणून मुद्दाम सांगते, त्यात अंडं असतंच. चव चांगली, पण कोल्हापूर-नाशिकच्या बदामी वडीपुढे मी तरी लोटांगण घालणार नाही. डबी मात्र इतकी देखणी, की घरी आणून टिकल्या ठेवायला उपयोगी पडावी. कॉफीला कुठं बसणार असाल तर दारावर लावलेला दरफलक आधी वाचा. तो बाहेर लावणं त्यांना बंधनकारक आहे. एकच कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्यायली तर स्वस्त आणि रस्त्याकडेच्या खुर्चीत बसून प्यायली तर महाग, ही तिथली रीत. जेवायला बसलात तर ‘‘यून काराफ दो’’ म्हणा, म्हणजे नळाच्या पाण्याचा जग फुकट मिळतो. नाहीतर बाटलीचं पाणी पुढ्यात येतं आणि बिलातही येतं.

आता जरा दुसरं सांगते. या रस्त्यावरच्या काचांमागची ऐंशी टक्के नसली तरी बरीचशी मांडणी बाईसाठी असते. गळ्यातलं, पायातलं, अंगावरचं, गालावरचं. शंभर-दीडशे वर्षं पॅरिस जगभरच्या बायकांना सांगत आलं, की ‘घ्या, तुमच्यासाठीच आहे’. पण याच शहरातल्या विवाहित बाईला १९६५ पर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडता येत नव्हतं, की नोकरी धरता येत नव्हती! १८०४ सालच्या नेपोलियनच्या कायद्यात ‘बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं’ असं लिहूनच ठेवलेलं होतं. १३ जुलै १९६५ च्या कायद्यानं हे बंधन गेलं. मतदानाचा हक्कही तिथल्या बायकांना १९४४ साली मिळाला आणि पहिलं मत त्यांनी १९४५ मध्ये टाकलं. एवढंच काय, पॅरिसच्या बाईनं पोलिसांच्या परवानगीशिवाय पँट घालू नये असा १८०० सालचा हुकूम होता. तो कोणी पाळत नव्हतं ते सोडा, पण रद्दबातल असल्याचं सरकारनं जाहीर केलं ते २०१३ साली.

हे कळलं आणि मला माझ्या आईचं पोस्टातलं पासबुक आठवलं. निळसर पुठ्ठ्याचं, १९६२ सालचं, एकटीच्या नावाचं. शाळेतल्या नोकरीच्या पगारातून ती महिन्याला पाच रुपये टाकायची आणि ते पुस्तक तांदळाच्या डब्यामागे ठेवायची. ते उघडायला तिला कोणाची सही लागली नव्हती. त्याच साली या झगमगत्या काचांसमोर उभ्या असलेल्या एखाद्या पॅरिसच्या सुनेला मात्र ती लागली असती. आपण उगाच समजतो, की फॅशन पुढारलेली म्हणजे सगळंच पुढारलेलं. तेव्हा तिथल्या एखाद्या म्हातारीनं, नीट केस बांधलेल्या, रुमाल गळ्यात घेतलेल्या, आपल्या पर्समधून हळूहळू नाणी मोजून दिली, तर गंमत म्हणून बघू नका. तिच्या तरुणपणी तो हिशेब तिच्या हातात नव्हता.

निम्म्याच्या थोडं पुढे एक गोल चौक लागतो, त्याला रोंपोइंत म्हणतात. तिथून उजवीकडे अव्हेन्यू मोंतेन फुटतो. खरी महाग दुकानं पाहायची तर इथं वळा. शाँझेलिझेवर हल्ली खेळाच्या बुटांची आणि हँबर्गरची दुकानंही आहेत, गर्दी तर विचारू नका. मोंतेन मात्र शांत. ३० नंबरला दिओरचं दुकान आहे. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिस्तियन दिओरनं इथंच आपले पहिले पोशाख दाखवले. महायुद्ध नुकतंच संपलेलं, कापडाचं रेशनिंग चालू, आणि यानं पायघोळ, घेरदार झगे काढले. लांबलचक कापड एका झग्याला! काही बायका हरखल्या, काही जणी चिडल्या, की पोरांच्या सदऱ्याला कापड नाही आणि याची ही उधळपट्टी. नऊवारी नेसणाऱ्या आपल्या आज्यांना त्यात काही नवल वाटलं नसतं. मागच्या बाजूला २०२२ साली त्यांनी संग्रहालय उघडलं आहे. तिकीट आधी काढून ठेवलं तर बरं. शिवणकामाची आवड असेल तर अवश्य बघा, कारण तिथं कच्च्या कापडावर बेतलेले नमुने आणि टाके जवळून पाहायला मिळतात.

अशा दुकानांच्या काचेत भरतकाम केलेलं जाकीट दिसलं, की तुम्ही सवयीनं नाक काचेला लावून टाका बघाल. तो ओळखीचा वाटेल. आरीचा टाका, जरदोजी, मणी, टिकल्या. वाटणारच, कारण पॅरिसच्या बड्या घराण्यांचं बरंचसं भरतकाम आपल्या मुंबईत होतं. भायखळ्याच्या चाणक्य या कारखान्याशी दिओरचं जुनं नातं आहे, आणि ३० मार्च २०२३ रोजी दिओरनं आपला आख्खा सोहळा गेटवे ऑफ इंडियासमोर मांडून ते उघडपणे मानलं. चाणक्यच्याच शाळेत आता बायकांनाही हे काम शिकवतात. पूर्वी कारखान्यातली आरी पुरुष कारागिरांच्याच हातात असायची. पण हे झालं एक उदाहरण. एरवी काचेमागच्या कपड्यावर शिवला गेला त्या देशाचं नाव असतं, भरणाऱ्याच्या गावाचं नसतं. आपण दारावर आलेल्या भरतकामवालीशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो, आणि तोच टाका इथं काचेत गेला की किमतीची पाटीसुद्धा दिसेनाशी होते. मी त्या जाकिटासमोर बराच वेळ उभी होते. माझ्या शेजारी एक जपानी बाई होती, तीही टाकाच बघत होती. तिला मी बोटानं आधी टाका आणि मग स्वतःला दाखवून म्हटलं, ‘‘मुंबई!’’ तिला कळलं की नाही कोण जाणे, पण ती वाकून हसली.

खरेदी करायचीच असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनअखेरपासून जुलैपर्यंत, सरकारनं ठरवलेल्या तारखांना सेल असतो. त्याला ‘सोल्द’ म्हणतात आणि मूळ किंमत लिहिणं दुकानदाराला बंधनकारक असतं. लुई व्हितों मात्र सेल लावत नाही, तिथं वाट बघण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे कराचा परतावा. आपण परदेशी पाहुणे, त्यामुळे एका दुकानात १०० युरोंहून जास्त खरेदी केली तर करातला काही भाग परत मिळतो. कर २० टक्के असला तरी मधल्या कंपन्यांचं कमिशन वजा जाता हातात साधारण दहा-बारा टक्केच पडतात. दुकानात पासपोर्ट दाखवून कागद मागून घ्या आणि विमानतळावर सामान देण्याआधी तो यंत्रासमोर धरून नोंदवा. सहल पुढे इटलीला जाणार असेल तर हे काम युरोपीय संघातला शेवटचा देश सोडताना करायचं. स्वित्झर्लंड संघात नाही, हे बऱ्याच जणी विसरतात.

खिसेकापूंचं राहिलंच. मेट्रोत दारापाशी उभं राहू नका. कागद पुढे करून सही मागणाऱ्या मुली आणि ‘ही तुमची अंगठी पडली का’ विचारणारे, दोघांनाही मान हलवून ‘‘नों’’ म्हणा आणि चालू लागा. मंगळसूत्र पदराआड असू द्या.

रोंपोइंतच्या खाली दुकानं संपतात आणि नुसती झाडं सुरू होतात. मला विचाराल तर रस्त्याचा हाच भाग सगळ्यात सुंदर. चेस्टनटची दाट सावली, बाक, बागडणारी मुलं. आम्ही दशम्या आणि लसणीची चटणी इथंच सोडली. शहरभर फुकटची स्वयंचलित स्वच्छतागृहं आहेत, आणि हिरव्या रंगाचे पाण्याचे लोखंडी झरेही आहेत. रिचर्ड वॉलेस नावाच्या एका दानशूर इंग्रजानं १८७२ साली ते बसवायला सुरुवात केली. चार बायका डोक्यावर घुमट तोलून उभ्या असतात आणि मध्ये पाण्याची धार. पाणी पिण्याचं आहे, बाटली भरून घ्या. जवळच पेती पाले हे संग्रहालय आहे. तिथला कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही.

आणि मग कोंकोर्दचा चौक. मधोमध इजिप्तहून आणलेला तीन हजार वर्षांहून जुना दगडी खांब. याच चौकात १७९३ साली राजाचा आणि मग राणीचा शिरच्छेद झाला. राणी म्हणजे मारी आंत्वानेत, जिच्या कपड्यांची सारं युरोप नक्कल करायचं. तिची शिंपीण रोज बेर्तें हिचं दुकान जवळच सेंत-ओनोरे रस्त्यावर होतं, आणि त्याचं नाव होतं ‘थोर मोगल’! राणीनंतर तीनच आठवड्यांत याच चौकात आणखी एका बाईचं डोकं उडवलं गेलं. तिचं नाव ओलँप द गूज. राज्यक्रांतीनं १७८९ साली माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यात बाई नाही, हे बघून हिनं १७९१ साली बाईच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला होता.

चौकाखालच्या मेट्रो स्टेशनात १२ नंबरच्या फलाटावर उतरा. भिंतीवरच्या पांढऱ्या फरशांवर एकेक अक्षर आहे, सगळ्या मिळून तो १७८९ चा जाहीरनामा होतो. अक्षरांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं कोपऱ्यात, त्यामुळे शब्द जुळवता जुळवता गाडी येते. दक्षिणेकडे जाणारी गाडी घेतलीत तर चौथं स्टेशन सेव्र-बाबिलोन. तिथं ‘ल बों मार्शे’ हे जुनं मोठं दुकान आहे. १८५२ पासून अरिस्तीद बूसिको आणि त्याची बायको मार्गरीत यांनी ते नावारूपाला आणलं. वस्तूवर किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, पटलं नाही तर परत, आणि काही न घेताही खुशाल फिरा, ही रीत त्यांनी तिथं रुळवली. शेजारीच त्यांचं किराणा-खाऊचं दुकान आहे. घरी आणायला मी तिथून दिजोंच्या मोहरीची छोटी बरणी घेतली. आपल्या कैरीच्या लोणच्याच्या फेसलेल्या मोहरीसारखीच ती नाकात जाते, आणि पोळीला लावून छान लागते.